पाठराखणीच्या दोन रात्री

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही म्हणायला हवं होतं.

भाऊ राजकुमार आणि वहिनी श्रेयाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. सोबत श्रेया. चहा संपता संपता राजकुमार म्हणाला, "अक्का, पाठराखीण म्हणून तूच जायचंस." लग्न लागलं की नवरीबरोबर सासरी जायचं, सत्यनारायण होईपर्यंत तिच्याजवळ झोपायचं. दोन रात्री. गंगापूरच्या पुढं, मळ्यातलं घर. श्रेयाला धाकटी बहीण नाही. मावशीचे गुडघे गेलेत. उरले मी.

मी म्हटलं, "मला परक्या घरी झोप येत नाही." चार वर्षं हेच वाक्य. आता सहज येतं.

श्रेया म्हणाली, "मग जागी राहा, आत्या. पण माझ्याजवळ राहा."

हो म्हटलं!

१९ नोव्हेंबर

एकतीस वर्षं वर्गात सांगत आले — नेमका शब्द वापरा. आणि या वहीत चार वर्षं 'त्रास' असं लिहिते आहे.

झोपेत लघवी होते. रोज नाही. कोणत्या रात्री होईल ते सांगता येत नाही, हे रोजच्याहून वाईट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या आहेत, व्यायाम आहे, वेळ लागेल. तोवर रात्री पँट वापरा. घरात कोंडून घेऊ नका." मी नेमकं कोंडूनच घेतलं. पुण्याची परिषद, मैत्रिणीची साठी, श्रेयाचा साखरपुडा — सगळीकडून रात्रीच्या आत घरी. घरी चादरीखाली रबरी कापड आहे, दाराला कडी आहे. लोकांना वाटतं, एकटी बाई विक्षिप्त होतेच.

२२ नोव्हेंबर

गारखेड्यातल्या मेडिकलवाल्याला मी 'मॅडम' म्हणून ठाऊक. म्हणून रिक्षाने औरंगपुऱ्यात गेले. गर्दी ओसरेपर्यंत खोकल्याच्या औषधांकडे बघत उभी.

"मोठ्या माणसांचे पँट डायपर आहेत का?"

"आईसाठी का? कंबर किती?"

हो म्हटलं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. कंबर माझी सांगितली.

२५ नोव्हेंबर

दोन रात्री जमिनीवर झोपून पाहिलं. नवी पँट कूस बदलताना कुरकुरते. आधी हाताने चुरगाळून घेतली आणि वर जुना सुती परकर घातला की आवाज जातो. पाटावर बसून उठून पाहिलं, वाकून पाहिलं. आरशात पाठमोरी पाहिली. काही दिसत नाही. दिसत असल्यासारखं वाटतं.

गोधडीच्या आत रबरी कापड घालून कडेने टाके घातले. गोधडी स्वतःची नेणार. चोचले म्हणतील. म्हणू देत.

पाच पँटी, एकेक साडीच्या घडीत. काळ्या पिशव्या. जुने पेपर.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. पाठवणीला वहिनी माझा हात धरून रडली, "पोरीला सांभाळा." पाच वाजता शेवटचं पाणी प्याले. आता साडेदहा. जीभ टाळूला चिकटली आहे. माजघरात आम्हा दोघींच्या गाद्या, एकीला एक लागून.

१ डिसेंबर, सोमवार, सकाळ

झालं. पण पँटीने सगळं धरलं. गोधडी कोरडी, गादी कोरडी. श्रेया गाढ झोपलेली, एक हात माझ्या दंडावर. तो अलगद सोडवून पाचला उठले. न्हाणीत बदललं. वापरलेली पेपरात, पेपर काळ्या पिशवीत. बाहेर अंधार, कुत्री. उकिरडा कुठं ते कळेना. न्हाणीमागच्या डब्यात खालपर्यंत दाबून ठेवली.

एक रात्र गेली. निभेल.

त्याच दिवशी, दुपार

निभलं नाही.

जावयाची, ऋतुराजची, थोरली बहीण रत्नमाला हिने डबा रिकामा करताना पिशवी पाहिली. काळी पिशवी, आत पेपर. बायकांना ती उघडून पाहावी लागत नाही.

मालनबाईंनी — म्हणजे सासूबाईंनी — श्रेयाला माजघरात बोलावलं. मी तिथंच पुरणासाठी डाळ निवडत होते.

"खरं सांग बाई. अडचण आली का तुला?"

"नाही आई."

"मग घरात दुसरं कोणंय? रत्नमालाची मागच्या आठवड्यात झाली. म्या तर कवाच सुटले."

"खरंच नाही."

रत्नमाला म्हणाली, "उद्या जोडीनं पूजेला बसायचंय म्हणून लपवती. पहिल्याच दिवशी लबाडी! देवाचं तरी भेव ठेव की."

श्रेयाच्या हातातली हळद ओली होऊन मनगटावर उतरत होती. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. एकसष्ट वर्षांची बाई. संशयातूनही वगळलेली.

गप्प राहता आलं असतं. पूजा पाच दिवस पुढं गेली असती, गावाला दिलेलं आमंत्रण फिरवावं लागलं असतं. आणि या घरात श्रेया जन्मभर पहिल्या दिवशी खोटं बोललेली सून. मी हे सगळं डाळीतला खडा शोधता शोधता मोजलं. मोजलं, हे लिहून ठेवायला हवं. लगेच बोलले नाही.

मग म्हटलं, "ती पिशवी माझी आहे."

रत्नमाला हसली. "आत्याबाई, भाचीसाठी एवढं? या वयात व्हय?"

विश्वास कुणी ठेवला नाही. हे मी गृहीत धरलं नव्हतं. उठले, बॅग आणली, साडीच्या घडीतून एक पँट काढली आणि उलगडून दोन्ही हातांत धरली.

"मला झोपेत लघवी होते. म्हणून हे घालते. पिशवीत तेच आहे."

आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट निघाला.

कोपऱ्यातल्या बाजेवर आजेसासूबाई द्वारकाबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. "काय म्हन्ली ती?"

कुणी सांगेना. मलाच सांगावं लागलं. मोठ्यानं.

"आगं मग मुतली तर मुतली!" द्वारकाबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी देवाला कशाला ताटकळत ठेवता? च्या टाका."

रत्नमालाला हसू फुटलं, पदर तोंडात कोंबून ती चुलीकडं वळली. तिच्या हसण्यात विष नव्हतं. मालनबाई हसल्या नाहीत. माझ्या हातातल्या वस्तूकडं बघत राहिल्या, मग "पूजा उद्याच" एवढंच बोलून शेताकडं निघून गेल्या. चपला न घालता.

विटाळली मी त्यांची पूजा. असंच वाटलं असणार.

२ डिसेंबर, मंगळवार

काल झोपताना श्रेया कानाशी म्हणाली, "म्हणून तू साखरपुड्याच्या रात्री थांबली नाहीस?"

"हो."

"मला वाटलं, ऋतुराज तुला पसंत नाही. मी त्याच्याशी भांडले होते त्यावरून. तोच तुला काही बोलला असेल म्हणून."

माझी लाज लपवताना तिचा भार कुणावर पडतोय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

रात्र कोरडी गेली. पूजा झाली. जोडी छान दिसत होती. निघताना मालनबाईंनी साडी दिली, पण नजर दिली नाही. शिरा डब्यात भरून रत्नमालाच्या हाती पाठवला.

६ डिसेंबर

वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं. मग एकदम, "ताई, डॉक्टरला दाखवता ना नीट?" म्हणजे पोचलं. गंगापूरहून शहरापर्यंत पाच दिवस. मला वाटलं होतं, दोन लागतील.

९ डिसेंबर

श्रेया सांगत होती, मालनबाई कुणाशी फार बोलत नाहीत. "आत्या, तुझं नाव निघालं की उठून जातात." तिने वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं. वाटतंच. पोरीला त्याच घरात राहायचंय.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी दार वाजलं. मालनबाई. एकट्या, एसटीनं आलेल्या. घरी सांगितलं होतं, सुनेच्या आत्याची तब्येत बघून येते.

भिंतीला टेकून बसल्या. मग फरशीकडं बघत म्हणाल्या, "ऋतुराज झाला तवापासून हाय मला. सत्तावीस वर्सं. घरात निभतं. पण कन्नडला, माहेरी, एक रात्र राहिले नाय. आई गेली त्या रात्रीबी नाय. भाऊ म्हनतो, मालन लई मानी. त्या दिवशी तुमी सगळ्यांम्होरं बोलला. म्या सासू असून पोरीला दटावत व्हते."

मी पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"तुमी घेता ते दुकान दाखवा, ताई. बोलायचं तुमी. म्या बाजूला हुबी राहीन."

दुकानात बोलल्या त्याच.

आज त्या इथंच राहणार आहेत.