दोर

शिरगाव,
ता. ११ मे १९६४

ती. वन्संना,

सुलूचा शिरसाष्टांग नमस्कार. इथे माहेरी अण्णांकडे सगळे बरे आहेत. ताडगोळे यंदा भरपूर उतरलेत. तुमच्याकडे वैतरण्याला कुणी येणारं असलं की अण्णा पाठवतील. तुमच्या घराची शाकारणी झाली का?

तुमचं पत्र पोचलं. पालघरच्या सत्कारात ह्यांना ओवाळायची वेळ आली आणि मी तबक तिथेच ठेवून निघून आले, चारचौघांत तुमच्या भावाची मान खाली गेली, असं लिहिलंत. डोकं फिरलंय का, असंही विचारलंत. उकाड्यानं घेरी आली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

झांजीबारातली कापाकापी चुकवून आलेल्या गुजराती माणसांचं गलबत तारापूरसमोर फुटलं आणि आपल्या मचव्यानं माणसं वाचवली, हे तुम्ही ऐकलंच. त्यातली जसोदा म्हणून एक बाई, नातलग येईपर्यंत, आपल्या माजघरात राहिली. त्याच फेरीतली पापलेटं मी तळली आणि तिच्या पानात वाढली. तिनं हात लावला नाही. मला वाटलं, खात नसेल.

पुढे एकदा विहिरीवर ती रडत सुटली. म्हणाली, माझं नाव जसोदा नाही, जैनब.

वन्सं, हे मचव्याच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दोर हातात घेऊन उभे होते. गलबत बुडत होतं आणि हे एकेकाला नाव विचारत होते. नाव पटलं तर दोर. तिच्या पुढे तिचा नवरा होता. त्यानं खरं नाव सांगितलं, युसूफ. "तू थांब, दुसऱ्या खेपेला," हे म्हणाले. मागून तिनं ते ऐकलं आणि तोंडाला येईल ते नाव सांगितलं. वर चढल्यावर तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची बायको म्हणून ओळखली गेली असती.

दुसरी खेप झालीच नाही.

मला खरं वाटेना. आपल्या मचव्यावरचा भिका तांडेल जाळं शिवत बसला होता, त्याला विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"वैनी, शेट बोलले, मचव्यात जागा नाय. मी बोललो, मासली टाकू दर्यात. तं बोलले, मासली काय फुकट हाय?"

मी मागच्या दारी जाऊन ओकले. त्या माणसांच्या जागेवर बसून आलेली मासळी मी मीठमसाला लावून तळली होती, आणि तिलाच वाढली होती.

रात्री ह्यांना विचारलं. हे जेवत होते, जेवतच राहिले. "आपली माणसं आणली ना? मग?" काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग एकदम म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

मी नाव घेतलं नाही, पण ती कोण ते ह्यांना कळलं. सकाळी तिची ताटवाटी उकिरड्यावर होती, चटई जळत होती, आणि माजघर शेणानं सारवायला ह्यांनी बाई लावली होती. मी तिला घेऊन इथे आले. अण्णांनी एक शब्द न विचारता खोली उघडून दिली. सुरतेहून तिचा भाऊ आला तेव्हा जाताना तिनं एवढंच विचारलं, "बेन, त्यां दरियो बहु ऊंडो छे?"

मी म्हटलं, नाही, तिथे दर्या फार खोल नाही.

सत्काराला अण्णांनी समजूत घालून पाठवलं, म्हणून गेले. हारांत बुडालेले हे, आणि कोण एक पुढारी ह्यांच्या माणुसकीवर बोलत होता. हे मान हलवत होते, वन्सं. ह्यांना ते खरं वाटत होतं. तबक हातात घेऊन मी तो चेहरा जवळून पाहिला आणि मला किळस आली. राग असता तर मी ओवाळून घरी जाऊन भांडले असते.

ह्यांना आईमागे तुम्ही वाढवलंत, म्हणून तुम्हाला लिहायला हात उचलत नव्हता. काय विचारायचं ते आता तुम्ही ह्यांना विचारा. मी परत नांदायला येणार नाही.

पाया पडते, ते तुमच्या. नावामागे सौ. आणि पुढे ह्यांचं नाव लिहवत नाही, म्हणून नुसती

सुलू