सिस्टर म्हणाल्या, शर्ट काढा

गुरुवार, संध्याकाळ. भांडुप.

आज वर्गात शिकवलं, कांगारूसारख्या प्राण्यांचं मार्सुपिअल हे नाव 'पिशवी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. मराठीत त्या पिशवीला शिशुधानी म्हणतात. एका मुलीने विचारलं, "सर, पिल्लू लवकर बाहेर पडलं तर?" मी नुसता फळा पुसत राहिलो.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच झाली. बारा दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे आणि मी तिला एकदाही हात लावलेला नाही. भीती वाटते. तिची ती बोटं, एवढीएवढीशी.

शाळेतून तिकडेच गेलो. सिस्टर म्हणाल्या, "मिसेसना ताप आहे. आज कांगारूसारखं तुम्ही बाळाला छातीशी धरा. शर्ट काढा."

"पण पिशवी मादीला असते ना?" काय वेड्यासारखं बोललो मी!

"इथे बापालाही असते, सर. बसा."

तिला छातीवर ठेवून वरून चादर बांधली. आधी ती थरथरली, की मीच? मग त्या बोटांनी तिने माझी कातडी धरली आणि झोपली. तासाभराने सिस्टर तिला न्यायला आल्या, तर मीच म्हणालो, "अजून पाच मिनिटं द्या ना."

आता घरी एका जागी बसवत नाही. सकाळी आठला आत सोडतात. तोवर काय करू?