प्रतापभावजींची खुर्ची

...आणि चित्र भिंतीवरून उतरवून सोफ्यावर पालथे ठेवले आहे. माझ्या माघारी ते कोणी पुन्हा तिथे टांगू नये.

मी, मंदाकिनी विश्वनाथ सबनीस, वय ७६, राहणार ओकव्हिल, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारा आज सर्दीने घरी आहे.

१. घर आणि बँकेतील शिल्लक ओटावाला राहणारी मुलगी गौरांगी हिला. बेसमेंटमधल्या भाडेकरू मुलीला तिचा कोर्स संपेपर्यंत काढू नये.

२. माझे पती विश्वनाथ यांची सुतारकामाची हत्यारे देवळाला. धाकटे दीर प्रतापभावजी यांनी नेलेला रंधा आधी परत मागावा. "दादानेच दिला," असे ते म्हणतील.

३. चित्र. ह्यांनी गराज सेलमध्ये घेतले. लंडनच्या जुन्या गुत्त्यातला पत्त्यांचा डाव, कोणा व्यंगचित्रकाराने काढलेला. पाद्री बाहीत एक्का सरकवतो आहे. लठ्ठ जमीनदाराच्या मागे मोलकरीण चकचकीत तबक धरून उभी. समोरचा लफंगा त्या तबकात जमीनदाराचे पत्ते वाचतो. जमीनदार खुशीत हसतो आहे. हे म्हणायचे, "सगळे आपल्याच नात्यातले."

फ्रेम प्रतापभावजींनी वॉन गावातल्या दुकानातून करून आणली. बिनचकाकीची काच मिळत होती. "वहिनी, साधीच बरी. घरात उजेड वाटतो," म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी रमीला ते चित्रासमोरच्या खुर्चीत बसतात. ह्यांची पाठ चित्राकडे असे. दोन्ही घरे शेजारी. हरेल त्याने आठवडाभर दोन्ही ड्राइव्हवेंवरचा बर्फ शोव्हल करायचा, असा भावाभावांचा नियम. त्यांच्या शेवटच्या विंटरमध्ये हे सतत हरले. जानेवारीत प्रतापभावजींच्या ड्राइव्हवेवर, हातात फावडे असतानाच गेले.

आज ती खुर्ची रिकामी होती म्हणून मी बसले. ह्यांच्या जागी शेजारचा परीक्षित होता. चित्राच्या काचेत त्याची इस्पिकची राणी स्वच्छ दिसली.

"काकू, तुमचा टर्न. झोपलात का?" त्याची बायको ऊर्मी म्हणाली.

मी पत्ते खाली ठेवले आणि काय दिसते ते सांगितले. शाळेच्या मार्च ब्रेकच्या सुट्टीला आलेली नात श्रावणी हसली. "आजी, इट्स जस्ट कार्ड्स."

चित्र गौरांगीने न्यावे. काच इथेच काढून टाकावी.

४. पूर्वीच्या मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून प्रतापभावजींना नेमले होते. ते मृत्युपत्र रद्द. आता व्यवस्थापक गौरांगी. माझ्या कागदांना त्यांचा हात लागू नये. तेराव्याला मात्र जेवायला बोलवावे.

साक्षीदार: परीक्षित लेले, ऊर्मी लेले. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

मंदाकिनी सबनीस
ओकव्हिल, रविवार, ९ मार्च २०२५

सोमवार, सकाळ. प्रतापभावजी आले. मोकळी भिंत पाहिली. मी सरळ विचारले. बराच वेळ त्यांनी मफलर काढला नाही.

"बघायचो, वहिनी. दादाला माहीत होतं. माझ्या बायपासनंतर तर तो पत्ते मुद्दाम वर धरायचा. 'दिसतंय ना नीट?' म्हणायचा."

"मला कधी बोलले नाहीत."

"बोलला असता, तर तुम्ही त्याला बाहेर जाऊ दिलं असतंत?"

मी चहा ठेवला. त्यांनी घेतला. कलम चौथे बदललेले नाही.