बोर्डीची कोंबडी आणि तुझी पिशवी

प्रिय आई,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. गेलेल्या माणसांशी बोलणं हा मनाचा दुबळेपणा आहे, असं मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगत आले. तुझ्यासाठी म्हणून त्यातून सूट घेणं मला पटत नव्हतं. पण आज सकाळी तुझी खाकी पिशवी उघडली. सहलीची. त्यात काय सापडलं ते शेवटी सांगते. आधी तुझ्या लाडक्या लेकाचे प्रताप ऐक!

बेन्यानं आम्हाला बोर्डीला नेलं. शुक्रवार ते रविवार. तू गेल्यापासून बाबा दोन घासांवर उठतात. समुद्राच्या हवेत दोनाचे चार होतील, अशी त्याची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. बेन्याच्या कल्पना सहसा वाईट नसतात. कल्पनेनंतर काम करावं लागतं, तिथे आपले चिरंजीव दिसेनासे होतात.

नओमीनं मोबाइलवर ग्रुप काढला. नाव काय, तर 'बोर्डी धमाल'. तीन महिन्यांपूर्वी तुला पोचवून आलेल्या घराची धमाल! मी विचारलं, "बाबांच्या जेवणाचं काय?" उत्तर म्हणून तुझ्या सुनेनं एक नाचणारा खेकडा पाठवला. खेकडा, आई! आपल्याला निषिद्ध, आणि आपल्या घराच्या ग्रुपवर! खाली लिहिलं होतं, "ताई, तीन दिवसांसाठी काय एवढं? तिथे जैन जेवण मिळतं."

तीन दिवसांसाठी काय एवढं! हे वाक्य बोलणाऱ्याला मी एकदा तुझ्या मंगळवारी उभं करायला हवं होतं. सहल शुक्रवारची आणि तू मंगळवारीच कामाला लागायचीस. मनुका निवडून ठेवायच्या, शब्बाथच्या आशीर्वादाच्या सरबतासाठी. गुरुवारी बाबा ठाण्याहून शोहेतनं, आपल्या यहुदी रीतीच्या खाटकानं, कापलेल्या कोंबड्या आणायचे. तू त्या भिजवायचीस, तासभर मीठ लावून ठेवायचीस, रक्ताचा थेंब उरू नये म्हणून तीनदा धुवायचीस. रस्सा नारळाच्या दुधातला, कारण मांसाच्या ताटात दूध-दही चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल बंद. म्हणून शनिवारसाठी तळलेली सुरमई, तिखटमिठाच्या पुऱ्या. रविवारी दहीभात, त्याचं पातेलं निराळं. मांसाच्या डावाला लाल दोरा, दुधाच्या डावाला पांढरा. एवढं सगळं त्या एका पिशवीत बसवून तू अशी निघायचीस, जणू हातात रुमाल आहे!

आणि हे सगळं तू कुठे लिहून ठेवलंस? कुठेच नाही. का नाही? इतकं बिनबोभाट केलंस की या लोकांना वाटलं, रस्सा पिशवीतच उगवतो. तुझ्या नियमांवर मी पुष्कळ भांडले. पण मला खरा राग आहे तो तुझ्या गप्प बसण्याचा. त्या गप्प बसण्यावर दोन पुरुष आणि एक व्याख्याती चाळीस वर्षं फुकट जेवली.

हो, व्याख्यातीसुद्धा. मला वगळू नकोस.

मी ग्रुपवर सहा परिच्छेद लिहिले. बायकांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर. धारदार लिहिलं होतं, तुला आवडलं असतं. नओमीनं एका ओळीत उत्तर दिलं, "ताई, पातेल्यात देव नसतो, असं तुम्हीच म्हणायचात ना? मग तुम्ही कशाला चिडताय?" मी मोबाइल पालथा घातला. त्यानंतर मी एक कोंबडी भिजवली? एक नारळ फोडला? नाही. माझं सगळं बळ त्या सहा परिच्छेदांत संपलं होतं. या घरात मला सर्वांत जास्त कुणाची चीड येत असेल, तर त्या सहा परिच्छेदांच्या लेखिकेची.

बेन्या म्हणाला होता, "कोंबडीचं मी बघतो." मी विश्वास ठेवला. मोबाइलचं कव्हर आणायला तो ठाण्याला जातो, कोंबडी आणायलाही जाईल असं मला वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी बोर्डीच्या त्या भाड्याच्या घरात नओमीनं दिवे लावले. मनुकांच्या सरबताऐवजी बेन्यानं जांभळं कोल्ड्रिंक ओतलं. बाबांनी त्यावरही आशीर्वाद म्हटला. त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कधी कधी आमच्या अब्रूवर पांघरूण घालतो. मग कोंबडीचा रस्सा आला.

"कुठली कोंबडी?" बाबांनी विचारलं.

"ठाण्याचीच, बाबा. नओमीनं घरी करून आणलीय."

"नारळाचं दूध घातलंय?"

"मग! आईसारखंच."

बाबांचा चेहरा उजळला, आई. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी पुरता घास केला. नओमी काकडीच्या चकत्यांकडे बघत बसली होती, आणि माझ्या नाकाला दह्याचा आंबूस वास आला.

विचार कर, मी कुठे अडकले होते! ज्या नियमांची मी भरसभेत टर उडवली, ते मोडताना मला आनंद व्हायला हवा होता. बाबा जेवत होते. सगळ्यांना तेच तर हवं होतं! गप्प बसणं किती सोपं होतं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "ही इथली कोंबडी आहे. दह्यातली."

घास ताटात परत गेला.

"ताई, तुला काय पडलंय?" बेन्या दात आवळून म्हणाला. "तू तर काहीच मानत नाहीस!"

"मानत नाही ते त्यांच्या तोंडावर सांगते, बेन्या. त्यांच्या ताटात लपवत नाही."

"खाल्ले असते ना चार घास! तुझ्या तत्त्वांनी पोट भरणार आहे त्यांचं?"

हजार माणसांपुढे उत्तर सुचतं, एका उपाशी म्हाताऱ्यापुढे सुचलं नाही.

बाबांनी हात पुसले. "बेन्या," ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईचं नाव घेऊन खोटं बोलायचं होतं, तर निदान एक नारळ तरी फोडायचास."

तुझा लेक चाळिशी उलटलेला माणूस आहे. पण ते ऐकून त्याची मान खाली गेली ती गेलीच.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारलं, चुलीशिवाय, तुमच्या भांड्याशिवाय काही मिळेल का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "उपास हाय का बाबांना?"

"तसंच समजा."

"पोहे हायेत. उद्याच्या चटनीला खोबरा खवून ठेवलाय. वर पानी शिंपडा, साखर घाला नि केलीच्या पानावर द्या. त्याला कशाला पायजे चूल नि भांडा?"

आई, तो आपला मलिदाच की! भिजलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. आपल्या घरात प्रत्येक नवसाला तू केलेला. मी तो विसरले होते, आणि त्या मावशींनी नाव माहीत नसताना माझ्या हातात ठेवला. वर चिकूच्या फोडी घातल्या. बाबांनी पान पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं. बेन्याही त्यांच्याशेजारी पान घेऊन बसला. कोंबडी होती तशी परत गेली. नओमीनंही तिला हात लावला नाही, एवढं तिच्या बाजूनं लिहून ठेवते.

शनिवार आम्ही पोहे, चिकू आणि काकडीवर काढला. किनाऱ्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पिशवी का आणली नाहीस, दिना? तिनं त्यात सगळं ठेवलेलं असतं."

म्हणून आज उमेळ्याला घरी ती पिशवी उघडली. लाल दोऱ्याचा डाव, पांढऱ्या दोऱ्याचा डाव, मिठाची पुडी, मनुकांचा डबा. आणि तळाशी, जुन्या ओढणीत वेगळा बांधलेला, निळ्या दोऱ्याचा एक कप. टवका उडालेला. माझा.

आठवतं? मी एकोणीस वर्षांची होते. माथेरानला कोंबडीचं जेवण झाल्या झाल्या, सगळे बिनदुधाचा गवती चहा घेत असताना, मी मुद्दाम दुधाचा चहा मागितला होता. तू वाद घातला नाहीस. या कपात आणून दिलास. त्यानंतर प्रत्येक सहलीत मला जेवणानंतर दुधाचा चहा मिळाला. माझी आई निमूटपणे माझ्या बाजूला आली, असं मी भाषणात सांगत असे. टाळ्या पडत.

तू तसूभरही हलली नव्हतीस! तो कप तू तुझ्या भांड्यांना कधी लागू दिला नाहीस. वेगळा धुतलास, वेगळा बांधलास, आणि चाळीस वर्षं माझ्यासाठी न चुकता बरोबर नेलास. माझ्या बंडाचीसुद्धा तू पिशवीत सोय करून ठेवली होतीस. कशाला ग? एकदा तरी खडसावायचं होतंस. माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस की, दिना, हा विजय नाही, हा फक्त कप आहे.

आता वचन देते, आणि मी सभेत देते तसलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत बाबांना पुन्हा नेणार आहोत. मंगळवारी मी मनुका निवडेन. गुरुवारी बेन्या मला गाडीनं ठाण्याला नेईल. विचारणार नाही, सांगणार आहे. भाजी होळीच्या बाजारातून ताजी आणेन. नारळ नओमी खवेल, आणि यादी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लागेल, म्हणजे पुन्हा कुणाला वाटायला नको की हे आपोआप होतं. पातेल्यात देव आहे असं मी तेव्हाही म्हणणार नाही. पण बाबा घास उचलतील तेव्हा त्यांना कुणाला काही विचारावं लागणार नाही.

आणि जेवणानंतर मी दुधाचा चहा घेईन, आई. निळ्या दोऱ्याच्या कपात. तो धुणार मात्र मीच, वेगळा.

तुझी,
दिना