गुडघ्याचा गोल

रागावलेल्या अण्णांना धाकटीचा नमस्कार.

दादानं फुटबॉलच्या अख्ख्या कारकिर्दीत एकच गोल केला, तोही आपल्याच जाळ्यात. "नाक कापलं" म्हणत तुम्ही त्या दिवसापासून मैदानाकडे पाठ फिरवलीत. लोकांनी मात्र वेगळंच पाहिलं. बाकीचे उभे असताना तो एकटा दुसऱ्या टोकापासून चेंडू अडवायला धावत आला, म्हणून तर चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला! तेव्हापासून ते त्याला लाडानं "गुडघ्या" म्हणतात. मोठे क्लब बोलवत असतानाही तो इथल्याच संघासाठी घाम गाळत राहिला, हेही ते विसरलेले नाहीत.

काल, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, दादा गुपचूप तिकीट काढून माझ्यासोबत सामना बघायला आला. कुणीतरी ओळखलं, आणि सगळं स्टेडियम गुडघ्यांवर थापा मारत "गुडघ्या! गुडघ्या!" ओरडू लागलं. दादाला कुठं बघावं कळेना. माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

तेवढ्यात वरच्या रांगेत, टोपी नाकापर्यंत ओढून, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत गुडघे बडवणारा एक म्हातारा दिसला.

आज फोनवर म्हणालात, गुडघा सुजलाय, जिन्यात आपटला. बरं अण्णा, जिन्यातच आपटला.

तुमचं गुपित तुमच्यापाशीच राहू दे, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी