बरणीवरची चिठ्ठी

४ फेब्रुवारी

प्रिय झिपरे,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, म्हणजे आई बरी आहे आणि मी उभी आहे. तुझं पाकीट परवा मिळालं. त्यातलं मोठं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. डोळे गेल्यापासून तिला तुझ्या पत्राचा वास घ्यायची सवय लागली आहे. वाचून झालं की कागद नाकाशी धरते आणि म्हणते, पोरीनं केसांचं जेल लागलेल्या हातांनीच लिहिलंय. शेवटी तू आईची चौकशी करायला विसरली होतीस, ती मी पदरची घातली. नेहमीच घालते. ‘आईच्या गुडघ्यांची फार काळजी वाटते’ असं एक वाक्य तू गेली चार वर्षं दर पत्रात लिहिते आहेस, हे तुला माहीत असलेलं बरं.

घडीत लपवलेली छोटी चिठ्ठी मात्र तिला वाचली नाही. तू तसं बजावलंच होतंस, आणि फोन तिच्या उशाशी असल्यामुळे तुला लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं हेही कळलं. तर तीनशे बरण्यांची मागणी आली. अभिनंदन. एवढं मोठं दुकान, काचेची फळी, वर दिवा, आणि बरणीवर आईचा तरुणपणीचा फोटो. खाली ‘आईच्या हातचं केसांचं जेल, निव्वळ घरगुती, निव्वळ नैसर्गिक, महिनाभर टिकतं’. आतापर्यंत तू तुझ्या पार्लरमध्ये दर आठवड्याला ताजं करायचीस आणि संपवायचीस, म्हणून निभावलं. आता कळतंय की ते आठव्या दिवशी पाणी होतं आणि आंबूस वास मारतं. दुकानदारानं दहा मार्चची तारीख दिली आहे, पार्लरची जागा तू त्या भरवशावर वाढवून घेतली आहेस आणि तुझा जीव टांगणीला लागला आहे. हे सगळं समजलं.

पण मी काय सांगणार? आईची वही तूच घेऊन गेलीस. एक वाटी जवस, चार वाट्या पाणी, मंद आच. ढवळणं थांबवायचं नाही. पळी उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की उतरवायचं आणि गरम असतानाच नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं, गार झालं की मोज्यातून काही खाली येत नाही. मग लिंबाचा रस आणि तेलाचे दोन थेंब. यात लपवण्यासारखं काय आहे? बाकी हाताचा गुण, आणि तो तुझ्याकडे आहे असं आई अजून भाजीवालीलासुद्धा सांगते.

एक करून बघ. बरणीमागे दोन चमचे मध घाल आणि ताज्या कोरफडीचा गर घाल. दोन्हींनी टिकाऊपणा येतो. आणि गाळताना घाई करू नकोस, तुझ्या जेलात लहानपणापासून तळाला बिया सापडतात.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय झिपरे,

आशीर्वाद. आईला थोडी सर्दी होती, आता नाही. समोरच्या खोलीतल्या आरशाचा फुटका कोपरा मी शेवटी चिकटपट्टीनं झाकला. खुर्ची तशीच आहे, गिऱ्हाईकं मात्र आठवड्याला चार-पाच. म्हाताऱ्या बाया येतात, केस कापून घेतात आणि तुझी चौकशी करतात.

मधामुळे पाचव्या दिवशीच बरण्यांना फेस आला आणि दोन झाकणं उडाली, हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या कोणा गिऱ्हाइकाच्या डोक्याला खाज सुटली आणि ती पार्लरच्या दारात उभी राहून बोलली, त्याचं तर जास्तच. तू म्हणतेस तुझ्या नाकी नऊ आलेत. येणारच.

पण तुझ्या चिठ्ठीतल्या एका ओळीवर माझी नजर अडकली आहे. तू विचारलंस, ‘ताई, तेव्हा तुझ्या बरणीत तू काय घातलं होतंस?’

माझ्या बरणीत? माझी बरणी तर नवव्या दिवशी नासली. विसरलीस की काय? मी नाही विसरले. शहरातल्या केशरचनेच्या शाळेत दोघींपैकी एकीलाच पाठवता येणार होतं, दुसरी आईच्या हाताखाली लागणार होती. आई म्हणाली, भांडू नका, ज्या हाताला गुण असेल तो जाईल. दोघींनी एकेक बरणी जेल केलं. तिनं स्वतः खळ लावून चिठ्ठ्या चिकटवल्या, एकीवर ‘झिपरी’, दुसरीवर ‘शेपटी’. माझ्या पातळ वेणीला ती उंदराची शेपटी म्हणायची आणि गिऱ्हाईकं हसायची, तेव्हा तूही हसायचीस. बरण्या आरशावरच्या फळीवर ठेवल्या. महिनाभर कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. नवव्या दिवशी ‘शेपटी’चं पाणी झालं. ‘झिपरी’ चाळीसाव्या दिवशीही काचेसारखी स्वच्छ होती. आईनं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवली. पुढच्या आठवड्यात तुझी ट्रंक भरली आणि मी तुझी ट्रंक उचलून स्टँडवर आणली.

चाळीस दिवस टिकली ती तुझी बरणी. मग नासलेल्या बरणीत काय होतं, हे तू का विचारतेस?

उत्तर हवं असेल तर प्रश्न नीट विचार. चार पानं नकोत, दोन ओळी पुरेत. काय केलंस ते लिही आणि खाली सही कर. आज एकोणीस तारीख आहे आणि टपालाला तीन दिवस लागतात, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


३ मार्च

प्रिय झिपरे,

मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू दीड पान लिहिलंस. आई दुपारी डुलकी काढत होती, तू ओल्या फडक्यानं दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि बदलून लावल्या. तिसऱ्याच दिवशी, जेल करून हात वाळले नाहीत तोच. ‘मला इथून बाहेर पडायचं होतं, ताई, मी तुझं वाईट चिंतलं नाही.’ वाचून मला हसू आलं. केसानं गळा कापलास, आणि वर वाईट चिंतलं नाही म्हणतेस.

आणि नवव्या दिवशी माझ्या नावाची बरणी पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. झाकणाची कड फुटलेली बरणी माझी होती आणि तिच्यावर तुझं नाव होतं. तू समोर बसून नखं खात होतीस. मी मूग गिळून गप्प बसले. का बसले ते इतकी वर्षं तुला कोडं असेल. तुला वाटलं असेल ताई भोळी आहे किंवा ताईचं मन मोठं आहे. दोन्ही नाही.

आता उत्तर ऐक. गुणबिण काही नव्हतं. मी सतरा वर्षांची असताना आईच्या बरण्या परत यायला लागल्या होत्या. गिऱ्हाईकं वास आला म्हणून नाक मुरडायची आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची. फळांचा रस बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यातली एक बाई आपल्याकडे केस कापायला यायची. रस टिकावा म्हणून तिथे एक पांढरी पूड घालतात. तिनं मला एक पुडी आणून दिली. आईची पाठ वळली की मी पातेल्यात चिमूटभर टाकायचे. बरण्या महिना-महिना टिकायला लागल्या आणि आई आपल्या हाताकडे बघून खूश व्हायला लागली. तेव्हापासून तो हाताचा गुण. पैजेच्या बरणीतही मी चिमूट टाकली होती. तुझी चोरी सांगायची तर माझी पूड सांगावी लागली असती, आणि आईचा गुण गेला असता. तिचा चेहरा मला बघवला नसता. म्हणून तू गेलीस आणि मी राहिले.

थोडक्यात, तू चोरलंस तेही खोटंच होतं. आणि त्याच्या जोरावर तू बरणीवर निव्वळ नैसर्गिक छापलंस.

मध आणि कोरफड मी मुद्दाम सांगितली. नासणाऱ्या वस्तूत गोड घातलं तर ती लवकर नासते, हे कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. तुला कळलं नाही, कारण पातेल्यापाशी तू कधी मन लावून उभी राहिलीच नाहीस. त्या बाईच्या डोक्याला खाज सुटली त्याचं मला खरंच वाईट वाटतं, तुझ्या झाकणांचं नाही.

पूड हवी असेल तर माझ्याकडे आहे. ती घातलीस की बरणीवरचं नैसर्गिक खोडावं लागेल आणि आईचा फोटोही काढावा लागेल. तू म्हणतेस, आईला काही कळू देऊ नकोस, ती कोसळेल. तुझं दीड पान मी उद्या सकाळी चहानंतर तिला वाचून दाखवणार आहे, आणि माझ्या पुडीचंही सांगणार आहे. या वेळी पदरचं काहीही घालणार नाही. वीस वर्षं मी तिच्या तोंडून तुझं कौतुक ऐकलं, आता तिनं एकदा ऐकावं.

ताई


७ मार्च

झिपरे,

वाचलं. सगळं वाचलं, तुझी सहीसुद्धा.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा मला जवळ घेईल, असंही वाटलं होतं, ते आज कबूल करते. त्या दिवशी सकाळी अंघोळ करतानाच मी ठरवून टाकलं होतं की तिनं हात पुढे केला तर मी लगेच धरायचा नाही, थोडं थांबायचं.

तिनं हात पुढे केला तो कपासाठी. चहा संपवला आणि म्हणाली, साखर कमी होती. मग म्हणाली, “ठाऊक आहे मला.”

मी विचारलं, काय ठाऊक आहे. तर म्हणाली, नासलेल्या बरणीत तळाला तीन बिया होत्या. “तू जन्मात कधी बी खाली जाऊ दिली नाहीस. ती बरणी तिची होती, हे मला त्याच दिवशी दिसलं. तेव्हा डोळे होते मला.”

आणि पूड? तीही ठाऊक होती, पहिल्या आठवड्यापासून. जवसाचं जेल आठ-दहा दिवसांवर टिकत नाही, हे तिला तिच्या गुरूनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिला पूड विकत आणायची लाज वाटायची, आणि मी आपण होऊन आणली तर तिनं मुद्दाम पाठ वळवायला सुरुवात केली. मी सतरा वर्षांची पोर, चोरून चिमूट टाकायचे, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, माझं होईपर्यंत.

मग मी विचारलं. ठाऊक होतं तर तिला का पाठवलंस?

आई जे म्हणाली ते शब्दाला शब्द लिहिते, कारण ते तुझ्याबद्दलही आहे. म्हणाली, “जिला चोरी करून गप्प बसता येतं, तिचं बाहेर निभतं. जिची चोरी झाली तरी जी गप्प बसते, ती घरी उपयोगाची. मला एक बाहेर हवी होती आणि एक घरी.” आणि मग म्हणाली, गुडघ्यांना तेल लावतेस का जरा.

मी लावलं. सवयीनं खाली बसले, वाटी घेतली आणि लावलं. निम्मं लावून झाल्यावर माझ्या हातांकडे माझं लक्ष गेलं आणि मी वाटी खाली ठेवली.

झिपरे, वीस वर्षं मी तुझा राग पोसला. तो माझा एकटीचा होता, त्याच्यावर मी दिवस काढले. म्हणायचे, आईची फसवणूक झाली, तिला खरं ठाऊक असतं तर तिनं मलाच पाठवलं असतं. दर पत्रात तुझ्या नावानं गुडघ्यांचं वाक्य घालताना मला वाटायचं, मी किती मोठ्या मनाची. आता माझ्याकडे तेही नाही. मला फार लागलंय, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही, ही त्यातली सगळ्यात हलकट गोष्ट आहे.

दुपारभर बसून ठरवलं. रविवारी सकाळच्या गाडीनं आईला तुझ्याकडे पाठवते आहे. कंडक्टरला सांगून ठेवलं आहे. टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्रही आजच्याच गाडीनं त्याच्या हाती पाठवते आहे. तू स्टँडवर ये. आली नाहीस तर ती बाकावर बसून राहील, दिसत नसल्यामुळे कुठे जाणार नाही. मी परत आणायला येणार नाही. तुझ्या वाढीव जागेत एक खाट मावेल. ती तुझ्या बरणीवर आहेच, आता घरातही असू दे.

आज सकाळी तिचे केस धुतले. ओल्या केसांना जेल लावून बटा वळवल्या, बरणीवरच्या फोटोत आहेत तशा. कशासाठी म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, तुझ्या गुणाच्या पोरीकडे जायचंय. ती खूश झाली. मग म्हणाली, तू विंचरताना ओढतेस, झिपरीचा हात हलका आहे. मी आणखी ओढलं.

पूड हवी होती ना? पुडी आईच्या मुठीत देणार आहे आणि सांगणार आहे, ही मागितल्याशिवाय कोणाला द्यायची नाही. तारीख दहा आहे, आई आठला पोचेल. तिच्यापुढे बस आणि माग. कशाला हवी विचारेल, ते सांग. ती पाठ वळवेल बहुतेक, तिला सवय आहे.

सोबत तिच्या पिशवीत माझ्या हातची एक बरणी आहे. पूड घातलेली नाही, तळाला बी नाही. आठ दिवस चांगली राहील.

गुडघ्यांचं वाक्य यापुढे तू तोंडानं म्हण. इकडे पत्र पाठवू नकोस, वाचून दाखवायला आता समोर कोणी नसेल.

खाली नाव लिहिते ते माझं आहे. हे तरी बदलू नकोस.

शेपटी