निळ्या फळीवरच्या पाच पट्ट्या

१८ जानेवारी

जिंकले! सत्यजीत सरांनी आज दौंडला मान्य केलं. ते माझे मार्गदर्शक. वर्षभर एकच पालुपद — "तहमीना मॅडम, उजेड दिला की शेवाळात पिष्ट साठतं. तुमच्या निळ्या दिव्याखालच्या बाटल्यांत कमी होतंय, म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय." एकदा तर त्या बाटल्या तक्त्यातून गाळा म्हणाले. नाही गाळल्या! आज तांबड्या-निळ्या दोन्ही दिव्यांखालच्या बाटल्यांचे थेंब नेले आणि त्यांच्यासमोर आयोडीन टाकलं. तांबड्या उजेडातलं शेवाळ काळंनिळं पडलं. निळ्यातलं नुसतं हिरवट तपकिरी. सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलेनात.

तेच क्लोरेला, तेच क्षार, तेवढाच उजेड. फक्त रंग निळा — की साठवलेलं पिष्ट मोडायला लागतं, श्वसन वाढतं, नायट्रेट पचवणारं विकर दुपटीनं कामाला लागतं. साठवण कमी, प्रथिनं जास्त. घोडनदीकाठच्या डबक्यातल्या हिरव्या ठिपक्याला रंग कळतो!

"फेब्रुवारीअखेर प्रबंध द्या," सर म्हणाले. त्यानंतर माझी नोंदणी संपते. मुदतवाढ घेऊन झालेली आहे. शिरूरला परतताना एसटीत एकटीच हसत होते.

२३ जानेवारी

कस्तुराबाई प्रयोगशाळा झाडता झाडता म्हणाल्या, "आवं मॅडम, बाटल्यांना बी मांडव घातला व्हय? लगीन कवा हाय?"

दिवे माझ्या भावाच्या, मुजीबच्या मांडवाच्या धंद्यातलेच, त्यामुळे काय बोलणार! "फेब्रुवारीअखेर."

"मग म्या येनार जेवायला!"

२६ जानेवारी

मुजीब चिडलाय. तळेगावला मोठं लग्न धरलंय आणि निळ्या दिव्यांच्या पट्ट्या कमी. "सगळ्या तुझ्या शेवाळाला! तांबड्याला एक पट्टी पुरती, निळ्याला पाच? नवरदेवाला काय मेणबत्तीवर बसवू?"

म्हटलं, उजेड मोजायच्या मीटरवर दोन्हीकडे सारखा आकडा यायला तेवढ्या लागतात.

"मग शेवाळालाच घोड्यावर बसव," म्हणाला.

तो हसला. मला हसू आलं नाही. पाच का?

२७ जानेवारी

लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतो. आपल्या डोळ्याला निळं मंद दिसतं, म्हणून मीटरलाही. आकडा जुळेपर्यंत मी पट्ट्या वाढवत गेले. शेवाळाला कुठं माझे डोळे आहेत? त्याच्यावर निळ्याचा मारा कितीतरी पट होत होता. "तेवढाच उजेड" — प्रबंधात पानोपानी लिहिलंय. खोटं आहे.

मग विकर कशानं जागं झालं? रंगानं, की भडिमारानं? माहीत नाही. मला माहीत नाही!

कोणी विचारलेलं नाही. विचारणारही नाही — इथं नि दौंडला सगळे तोच मीटर वापरतात. हा विचार सुचला तेव्हा बरं वाटलं. ते बरं वाटणंच नको वाटतंय.

३० जानेवारी

दौंड. सरांना सांगितलं.

"वर्षभर मला पटवलंत, आणि पटल्यावर तुम्हीच उलटलात?"

पटवताना मला हे ठाऊक नव्हतं, म्हटलं.

"परीक्षकांना तरी कुठं ठाऊक आहे? आधी डिग्री घ्या मॅडम, मग बसा आयुष्यभर मोजत."

मी म्हणाले, "डिग्री घेतल्यावर मोजायची हिंमत राहील का सर?" — म्हणाले का खरंच? नाही. ते बसमध्ये सुचलं. तिथं मी एवढंच म्हणाले, "हे आकडे मी देणार नाही."

पण म्हणाले!

३ फेब्रुवारी

कॉलेजातली मैत्रीण नीलम पुण्यात संशोधन करते. तिनं फोटॉन मोजायचं यंत्र उसनं दिलं. त्यावर जुळवलं आणि निळ्या फळीवरच्या चार पट्ट्या उतरल्या. आता दोन्हीकडे सारखं. खरंच सारखं. निळी फळी किती अंधारी दिसते! दिसू दे. नवं शेवाळ सोडलं.

मुजीबनं पट्ट्या मुकाट टेम्पोत टाकल्या. मग म्हणाला, "आन् डिग्री?"

मी उरलेली वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"खांब वाकडा दिसला तर मीबी उभा मांडव उतरवतो. पर वऱ्हाड थांबत न्हाई, ध्यानात ठेव."

१४ फेब्रुवारी

बाटल्या अजून फिक्या. इतक्यात मोजण्यात अर्थ नाही. सरांचे दोन फोन. उचलायचे नाहीत असं ठरवलं. मग वाटलं, हा भेकडपणा. मीच लावला.

"जुनेच आकडे द्या. हट्ट आहे तुमचा."

हट्टच आहे का? दिवसभर तपासून पाहिलं. असेल थोडा. तरीही नाही.

२० फेब्रुवारी

बाटल्या हिरव्या झाल्या. अजून थोडं. घाई करायची नाही.

२८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. प्रबंध द्यायला विद्यापीठात गेले नाही. आयोडीन टाकलं, विकर मोजलं.

तांबड्यातलं काळंनिळं. निळ्यातलं तपकिरी. एकाच पट्टीवर! विकरही वरचढ — दुपटीनं नाही, पण सगळ्या बाटल्यांत वरचढ. म्हणजे जुना प्रबंध दिला असता तरी मूळ म्हणणं खरंच निघालं असतं. फक्त ते मला माहीत नसतं.

कस्तुराबाई दारात. "झालं का लगीन?"

"मोडलं."

"अगं बया! मग दिवं इझवू?"

"नाही. चालू राहू दे."